नववा कान

निरीक्षण खोली
९ सप्टेंबर

मामा,

नमस्कार वगैरे सगळं पोचलं असं समजा. मामीला मात्र वेगळा सांगा, नाहीतर ती महिनाभर फुगून बसेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामीच्या हातात फोन दिला की ती "जेवलीस का" याच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. बुधवारी सामानाची जीप तलावाला वळसा घालून तुमच्या वसाहतीत जाते, तिच्या ड्रायव्हरला मी आता पोस्टमन केलं आहे.

तुमच्याच खोलीत, तुमच्याच खुर्चीवर बसून लिहिते आहे. बावीस वर्षं तुम्ही इथे धरणाभोवतीच्या जमिनीचे धक्के मोजलेत, आणि आता त्याच जागेवर तुमची भाची. इथले दोघे जुने कारकून मला "कानामागून आली" एवढंच म्हणतात. पुढची अर्धी म्हण गिळतात, कारण चहा माझ्या हातचा असतो. खुर्चीचा हात अजून तुम्ही बांधलेल्या सुतळीवर टिकून आहे.

एक शंका आहे. धक्का बसला की संगणक दोन कोन छापतो, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. पडद्याच्या कडेला तुमच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: "डावा घ्यावा. डावीकडे खाण." तुम्ही गेल्यापासून सगळे डावाच घेत आलेत आणि नोंदवहीत पानंच्या पानं नुसतं "खाण, खाण, खाण" आहे. मीही चार महिने तेच लिहिते आहे. पण डावाच का, हे इथे कुणालाच सांगता येत नाही. साहेब म्हणाले, "मामांना विचार, त्यांनीच ठरवलंय." म्हणून विचारते.

तुमची,
भिंगरी

---

वसाहत
१६ सप्टेंबर

भिंगरे,

पत्र मामीनं आधी वाचलं, शिंप्यानं मग वाचलं आणि मला शेवटी मिळालं. शिंपी आता रोज दुपारी शिलाई मशीन झाकून बुद्धिबळ खेळायला येतो. माझा डावा कान पुरता गेला, उजवा गेल्यात जमा, त्यामुळे तो हरला की मोठ्यानं शिव्या देतो आणि मला ऐकू आलं नाही असं समजतो. मी समजू देतो.

तुझ्या प्रश्नाला नीट उत्तर देतो, कारण इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नाही. रस्त्याच्या कडेनं सरळ रेषेत आपण आठ यंत्रं पुरली, साठ-साठ पावलांवर. जमीन हलली की ती हलतात. खोलीत सगळे त्यांना कान म्हणतात, तूही म्हण. लाट रांगेच्या तोंडाकडून आली तर आधी पहिला कान हलतो, मग दुसरा, मग तिसरा. अगदी आडवी आली तर आठही एकदम हलतात. तिरकी आली तर उशीर अधलामधला. आपल्याकडे दोन शेजारी कानांत पंचवीस हजारांश सेकंदाचा, म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यांतल्या पंचवीस तुकड्यांएवढा, उशीर येतो. ही लाट सेकंदाला दहा हेलकावे घेते, म्हणजे एका हेलकाव्याला शंभर हजारांश, आणि पंचवीस म्हणजे पाव हेलकावा. पहिला कान अगदी वर टोकाला असतो तेव्हा दुसरा मध्यावरून वर निघालेला असतो. संगणक एकेक कोन धरून बघतो, त्या त्या कोनाला जेवढा उशीर यायला हवा तेवढा प्रत्येकाच्या नोंदीतून वजा करतो, आणि ज्या कोनाला आठही जण एका तालात हलतात तो कोन छापतो. बस्स, एवढीच विद्या. बाकी सगळं वायर आणि चिखल.

आता डावं-उजवं. आठ माणसं रस्त्यावर एका रांगेत डोळे बांधून उभी कर. डावीकडून कुणी तिरकी हाक मारली, किंवा तितक्याच कोनातून उजवीकडून मारली, तरी हाक पोचायचा क्रम आणि उशीर तोच. रांगेला बाजू कळत नाही, ती माणसानं ठरवायची असते. तलावाकडे तोंड करून उभी राहा: डाव्या हाताला खाण, उजव्या हाताला आपली टेकडी, जिच्या पायथ्याला आपलं घर. खाणीत सुरुंग उडतात, दगड फुटतात. टेकडी बिचारी काय बोलणार? म्हणून डावा.

आपली तेवीस घरं इथे झाली तीही याच भरवशावर. मी पाया घातला तेव्हा धरणावरचे सगळे म्हणाले, जमिनीचं पोट ज्याला कळतं तो इथे बांधतोय, तर आपणही इथेच बांधू. शिंपी सर्वांत आधी आला. मामी विचारते, जेवलीस का.

मामा

---

निरीक्षण खोली
२३ सप्टेंबर

मामा,

हो, जेवले. तुमचं पत्र मी कारकुनांना वाचून दाखवलं. डोळे बांधलेल्या माणसांपर्यंत आल्यावर थोरले कारकून म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही तीच माणसं." मी हसले खरी, पण रविवारी एकटीच उठून खाणीवर चालत गेले.

मामा, खाण बंद आहे. फेब्रुवारीपासून. फाटकाला कुलूप आहे आणि कुलूप गंजलंय. दगड फोडायचं यंत्र उचलून नेलं, त्याच्या जागी चार बोल्ट वर आलेत. खड्ड्यात पाणी भरलंय आणि काठावर बगळे इतके निवांत बसलेत की मी जवळ गेले तरी उडाले नाहीत. तिथला रखवालदार म्हणाला, सात महिन्यांत इथे फटाकासुद्धा वाजला नाही. आणि आपल्या वहीत गेल्या महिन्यात "खाण" एकतीस वेळा आहे. त्यातल्या सगळ्याच्या सगळ्या माझ्या हातच्या.

तुम्ही उगाच काळजी करू नका. काहीतरी साधंच कारण निघेल, जुन्या खाणीत दरड वगैरे ढासळत असेल. फक्त एक सांगा. भिंतीवरच्या पेटीत आठ कानांच्या वायरी खोचायच्या आठ खाचा आहेत हे मला माहीत होतं. परवा पेटी पुसताना खाली नववी दिसली. तिच्यात मेण ओतून वरून पट्टी चिकटवली आहे. नववा कुठे होता?

आणि सहजच विचारते, घरी दारं नीट लागतात ना?

भिंगरी

---

वसाहत
३० सप्टेंबर

भिंगरी,

तुला नोकरी मी लावली नाही, तुझ्या गुणांनी लागली, हे मी चारचौघांत सांगत आलो. आता त्या गुणांनी तू माझ्याच कामाची उलटतपासणी घ्यायला बसली असशील तर तसं सरळ लिही. बंद खाणसुद्धा वर्षानुवर्षं ढासळत असते. पाणी भरलं की दगड सुटतात. तू ते स्वतःच लिहिलंस, मग मला कशाला विचारतेस?

नववा मी चौथ्या कानापासून उजवीकडे साठ पावलांवर पुरला होता, रांग सोडून. प्रयोग म्हणून. तो कधी एक सांगायचा, कधी दुसरं. आठ जण एका सुरात आणि हा एकटा बेसूर. वायर ढिली असणार. काढून टाकला, वर मेण ओतलं, विषय संपला. त्याला बारा वर्षं झाली.

दारांचं म्हणशील तर लाकूड आहे, फुगतं. मागच्या दाराला जूनपासून दोनदा रंधा मारला. आता खाली लागत नाही, वर लागतं. शिंप्याच्या मधल्या भिंतीला चीर होती, त्यानं ती कागदाच्या लगद्यानं भरली, ती परत उघडली आणि आता तो तिच्यात टेप खोचून ठेवतो. म्हणतो, भिंतीनं खिसा शिवून दिला. मामीच्या मांडणीवरचे डबे सकाळी कडेला आलेले असतात. ती म्हणते उंदीर. सांगायचा मुद्दा, सगळ्यांची घरं जुनी झाली तसं आपलंही झालं. यात शोध लावण्यासारखं काही नाही.

मामा

---

निरीक्षण खोली
७ ऑक्टोबर

मामा,

रागावलात तरी चालेल, पण हे पत्र पुरतं वाचा. आणि शिंपीकाकांच्या आधी वाचा.

मागच्या कपाटात कागदी पट्ट्यांची भेंडोळी आहेत. नववा जोडलेला होता तेव्हाच्या तीन महिन्यांची मी जमिनीवर पसरली आणि पट्टीनं मोजली. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, नववा कधी एक सांगतो, कधी दुसरं. पण त्याला धरबंध आहे. काही धक्क्यांत तो चौथ्यानंतर एकोणीस हजारांशांनी हलतो, काहींत चौथ्याच्या आधी एकोणीस. मधलं काही नाही, एकदाही नाही. वायर ढिली असती तर आकडे वाटेल तसे पडले असते. नंतर हलतो ते सगळे धक्के खाणीच्या कामाच्या वेळातले आहेत. आधी हलतो ते केव्हाचेही, सुट्टीच्या दिवशीचेसुद्धा.

नववा उजवीकडे होता. तो आधी हलला म्हणजे लाट उजवीकडून आली. टेकडीतून. तेव्हाही येत होती, महिन्याला दोन-तीन. आता खाण बंद आहे, म्हणजे माझे एकतीसच्या एकतीस टेकडीचे आहेत.

मी साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, पण म्हणाले, "आठ यंत्रं एक सांगतात आणि तू काढून टाकलेल्या एकाचं धरून बसतेस? तलाव भरायचं वेळापत्रक ठरलंय. तुझ्या मामांनी तेव्हा तपासलं होतं, त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?" काल मामीला फोन केला, म्हटलं दोघं चार दिवस इकडे या. ती म्हणाली, "मामा म्हणतात खाणीचा आवाज आहे." सगळे तुमच्याच नावावर येऊन थांबतात.

एक पट्टी राहिली. तिच्यावर तारीख नाही, नाव नाही. कुणीतरी रस्त्याच्या डाव्या बाजूला जमिनीवर घण मारलाय, मग उजव्या बाजूला. डावीकडच्या घणाला नववा नंतर हलला, उजवीकडच्याला आधी. म्हणजे नववा धडधाकट होता आणि ते कुणीतरी करून पाहिलं होतं. तो घण कुणी मारला, मामा?

उत्तर नंतर द्या. आधी घर सोडा. मला फार भीती वाटते आहे.

भिंगरी

---

निरीक्षण खोली
२१ ऑक्टोबर

मामा,

दोन बुधवार जीप रिकामी आली. ड्रायव्हर म्हणतो तुम्ही ओट्यावर बसलेले दिसलात आणि हातानं "नाही" अशी खूण केलीत. तब्येत बरी आहे ना, एवढं तरी कळवा.

मी साहेबांना न विचारता नववी खाच उघडली. मेण गरम चमच्यानं काढलं. मग जुन्या नकाशावरून साठ पावलं मोजून दोन दिवस खणलं, थोरले कारकून कुदळ घेऊन मदतीला आले. नववा तसाच होता, वरचं झाकणसुद्धा गंजलं नव्हतं. वायर जोडली आणि तो लगेच बोलायला लागला. सहा दिवसांत चौदा धक्के. चौदाही वेळा तो आधी. काल तर दोन धक्क्यांमध्ये मला चहा गाळायलाही वेळ मिळाला नाही.

तलाव भरायला आता नऊ हात उरलेत. रोज जवळजवळ एक वीत पाणी चढतं आहे. पाणी चढलं की धक्के वाढतात, हेही दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर दिसतं. साहेबांनी माझे आकडे वर पाठवलेत, पण सोबतच्या पत्रात "एका जुन्या, पूर्वी नाकारलेल्या यंत्रावर आधारित" असं लिहिलं आहे. वरून अजून उत्तर नाही.

तुम्ही गप्प बसू नका. तुमचं गप्प बसणं मला आजवर कधी कळलेलं नाही.

भिंगरी

---

वसाहत
२५ ऑक्टोबर

भिंगरे,

घण मी मारला.

तीन वेळा बसलो लिहायला आणि तीन वेळा कागद चुलीत घातला. मामीला वाटलं हिशेब चुकला. एका अर्थी चुकलाच.

बारा वर्षांपूर्वी नववा पुरला, कारण डावं-उजवं ठरवायचं तर एक कान रांगेबाहेर हवा, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तो जेव्हा कधी खाण, कधी टेकडी असं सांगायला लागला तेव्हा मी म्हटलं, आठ जण एकच कोन सांगतात, हा एकटा डोलतो, तर खोटा हाच. साहेबही, म्हणजे तेव्हाचे, हेच म्हणाले. मी इतकी वर्षं या विद्येवर जगलो आणि माझ्या लक्षात आलं नाही की त्या आठांना बाजू दिसतच नव्हती. आठ आंधळे एकमतानं काहीही सांगतील. ते नवव्याच्या विरुद्ध नव्हतेच, त्यांना त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. मी मतं मोजली. पण मत द्यायला एकच जण लायक होता.

हे नंतर सुचलं म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं. पण मग एका सुट्टीच्या दुपारी मी एकटा घण घेऊन गेलो ते कशाला? मनात शंका होती म्हणूनच. डावीकडे मारला, उजवीकडे मारला, खोलीत येऊन पट्टी पाहिली. नववा बरोबर होता. त्या दिवशी आपल्या घराच्या भिंती खिडकीच्या उंचीला आल्या होत्या. शिंप्यानं शेजारची जागा आखून घेतली होती. मी त्या पट्टीवर तारीख घातली नाही. स्वतःला सांगितलं, घण वाकडा पडला असेल. महिन्याला दोन-तीन धक्के, त्यानं काय होतंय, असंही सांगितलं. मग मेण ओतलं आणि चिठ्ठी लिहून चिकटवली. डोळ्यावर कातडं ओढून घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्यावर मागच्या पत्रात चिडलो ते यामुळे. चोराच्या मनात चांदणं.

तेव्हाच पट्टी जाळली का नाहीत, असं तू विचारशील. काम करणाऱ्या माणसाला पट्टी जाळता येत नाही. ती मागे सरकवता येते.

तीन दिवस मी घरोघर फिरतो आहे. मला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, म्हणून ते पाटीवर लिहून देतात. बहुतेकांनी लिहिलं, "तुम्हीच सांगितलंत ना, खाण आहे." पंपवाल्यानं लिहिलं, "बरं वाटत नाहीये का?" शिंप्यानं लिहिलं नाही, माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून ओरडला: "तेव्हा तू चाळीस पावलांवरून घड्याळाची टिकटिक ऐकायचास. आता तुला ढग गडगडलेला कळत नाही. मी तेव्हाच्या तुझ्यावर विश्वास ठेवू की आताच्या?" आणि पट उलगडून बसला.

लाज वाटते, हे तुलाच सांगू शकतो. पण लाज वाटून घ्यायला नंतर वेळ मिळेल. आता लोकांना उठवायचं कसं ते बघतो.

मामा

---

वसाहत
३ नोव्हेंबर

भिंगरे,

मामीला आणि तीन ट्रंका उद्याच्या जीपनं तुझ्याकडे पाठवतो आहे. ती रडते आहे, तिला चहा दे आणि बोलू दे.

सांगून कुणी हलेना, तेव्हा मला एक समजलं. ही माणसं इथे माझं बोलणं ऐकून आली नव्हती, माझं घर उभं राहताना बघून आली होती. म्हणून परवा भर दुपारी, सगळे ओट्यांवर असताना, मी शिडी लावून छपरावर चढलो आणि आपले पत्रे काढायला सुरुवात केली. पहिला पत्रा खाली टाकला तेव्हा मला काही ऐकू आलं नाही, पण गल्लीतली सगळी डोकी एकदम वर झाली. संध्याकाळपर्यंत अर्धं छप्पर उतरवलं. दुसऱ्या दिवशी दारं आणि खिडक्यांच्या चौकटी. मामी खालून म्हणत होती म्हणे, "वेड लागलंय याला," आणि चौकटी धरून खाली घेत होती.

लोक बघायला जमले. आधी हसले, मग हसेनात. ज्यानं हे घर बांधलं तोच मोडतोय म्हटल्यावर दोन बायकांनी आपल्या नवऱ्यांना आत नेलं आणि थोड्या वेळानं हातगाडी बाहेर आली. काल नऊ घरं गेली, आज आणखी अकरा. जुन्या शाळेच्या इमारतीत सोय केली आहे. आपलं धरून वीस झाली.

तीन घरं अजून बाकी. त्यातला एक म्हातारा उद्या जातो म्हणाला. पंपवाला आणि त्याची बायको म्हणतात, पाणी पूर्ण भरलं की बघू. आणि शिंपी. तो माझ्या उघड्या घरात येऊन खाटेवर बसला, वर आभाळाकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी ओरडला, "उजेड चांगला येतो आता, सुईत दोरा ओवायला बरं." मी हात जोडले. त्यानं माझे हात धरून खाली केले. तो मला खुळा समजत नाही, भिंगरे. त्याला वाटतं मी म्हातारपणी माझ्याच चांगल्या कामावरचा विश्वास घालवून बसलो, आणि माझ्या वतीनं तो विश्वास तो सांभाळतो आहे.

मी शाळेत झोपतो आणि दिवसा इथे येतो. रोज त्याला विचारतो. तू तलावाचं बघ.

मामा

---

निरीक्षण खोली
१३ नोव्हेंबर

मामा,

मामी बरी आहे. तुम्ही शाळेत आहात हे कळेपर्यंत तिनं पाणी घेतलं नाही. मग तिनं कारकुनांसकट सगळ्यांना जेवलात का विचारलं.

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी पडद्यासमोर होते. चौथ्याच्या आधी नववा हलला, मग सगळेच. मग नऊच्या नऊ रेषा इतक्या मोठ्या झाल्या की एकमेकींत मिसळल्या, आणि मिनिटभरानं सगळ्या एकदम सपाट झाल्या. मी खिडकीकडे धावले. टेकडीच्या जागी धुरळा होता. मला फक्त एवढं माहीत होतं की दिवसा तुम्ही तिथे असता.

तुम्ही त्या वेळी हातगाडी आणायला शाळेत गेला होतात, हे संध्याकाळी ड्रायव्हरकडून कळलं. कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही. मी ओळखलं.

आता एक विचारायचं आहे. तलाव उपसायला लागलेत, आणि चौकशीसाठी कचेरीनं अहवाल तयार केला आहे. त्यात लिहिलंय: "नववं यंत्र सुरुवातीपासून सदोष असल्याने धोक्याची दिशा वेळेत कळू शकली नाही." खाली सही माझी हवी, कारण यंत्रांची जबाबदारी माझ्याकडे आहे. साहेबांनी मला बसवून सांगितलं, "यात कुणाचंच नुकसान नाही. यंत्राला ना घर ना दार. तुझ्या मामांचं नावसुद्धा झाकलं जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी दोन दिवस तो कागद उशाशी घेऊन झोपते आहे. मला तुम्हाला जपायचं आहे, मामा. लहानपणापासून तुम्ही मला जपलंत. पण मी तो खणून काढला आहे, तो माझ्या हातात होता, आणि तो ठीक होता.

तुम्ही म्हणाल तसं करते.

भिंगरी

---

जुनी शाळा
१७ नोव्हेंबर

भिंगरे,

मी म्हणेन तसं करू नकोस. लोकांनी तेच केलं.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. त्या वाक्यावर सही करू नकोस. ते खोड आणि असं लिही: नववं यंत्र सुरुवातीपासून ठीक होतं. ते ठीक आहे याची खात्री करून घेतल्यावर निरीक्षकानं ते तोडलं. निरीक्षक म्हणजे मी. ती बिनतारखेची पट्टी सोबत जोड, माझ्या हातची आहे असं त्यावर मी लिहून देतो. पुढच्या बुधवारी जीपनं येतो आहे, साहेबांसमोर सही करीन. मामीला आधी सांगू नकोस, मी सांगतो. नाव जाईल. जाऊ दे. यंत्राच्या डोक्यावर घातलं तर पुढे ज्या खोलीत आठ एकीकडे आणि एक दुसरीकडे असं होईल, तिथे पुन्हा कुणीतरी तो एक तोडेल आणि आपला अहवाल दाखवेल.

तो म्हातारा वेळेत शाळेत आला होता. पंपवाला आणि त्याची बायको रविवारी सापडली. शिंपी काल दुपारी. मशीनपाशीच होता.

शनिवारी सकाळी तो तयार झाला होता, हे तुला माहीत नाही. नऊच्या सुमाराला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुझी एवढी हौस आहे तर चल, मशीन तेवढं हातगाडीवर घालू, पाठीवर झेपायचं नाही." मी गाडी आणायला गेलो. शाळेपासून वसाहत चाळीस मिनिटं. मी येताना चढावर होतो आणि गाडी ओढत होतो, आणि मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त गाडीचा दांडा हातात थरथरला. मान वर केली तेव्हा समोर रस्ता नव्हता.

इथे शाळेत सगळे माझी समजूत घालतात. पाटीवर लिहून देतात की तुम्ही वीस घरं वाचवलीत, शिंप्यानं ऐकलं नाही त्याला तुम्ही काय करणार. मी पाटी पुसून परत देतो. शिंप्यानं ऐकलं नाही हे खरं नाही. बारा वर्षांपूर्वी मी त्याला सांगितलं होतं, इथे बांध, टेकडी गप्प आहे. सगळ्या वसाहतीत माझं शेवटपर्यंत ऐकलं ते त्यानंच.

मामा